घरचा कुत्रा गेला म्हणजे

भोर आणि वेल्हे हा डोंगरी मुलूख. घरे लांब लांब. एक वाडी खाली नदीकाठी, तर दुसरी डोंगराच्या सोंडेवर. अशा ठिकाणी कुत्र्यावाचून चालत नाही. भाताला लोंबी आली की रानडुकरे खाचरात उतरतात. वर माळ्यावर धनी झोपतो, खाली कुत्रा जागतो. गोठ्याजवळ बिबट्या आला तर पहिली चाहूल त्यालाच लागते. धनगराच्या मेंढरांमागे तर तो एका गड्याचे काम करतो.

असा कुत्रा घरचाच होऊन जातो. पण त्याचे आयुष्य थोडे. साधारण दहा ते तेरा वर्षे. ज्याने कुत्रा पाळला त्याला एक दिवस त्याचा निरोप घ्यावा लागतो. कधी म्हातारपणाने जातो, कधी साप चावून, कधी मोटारीखाली. कधी बिबट्याच त्याला उचलून नेतो, मग माती द्यायलाही काही उरत नाही. ह्या निरोपाविषयी आपल्याला कोणी शिकवत नाही. म्हणून हा धडा.

कुत्रा गेला की घरात चूल पेटते, पण कोणाला घास गोड लागत नाही. बाई भाकऱ्या करताना सवयीने एक जास्त थापते. गडी रात्री अंगणात येऊन हाक मारतो आणि मग गप्प होतो. शेजारी हसतात. "कुत्र्यासाठी रडतोस होय रे?" म्हणतात. ह्यात हसण्यासारखे काय आहे, ते आम्हाला कळत नाही. दहा वर्षे ज्याने आपले दार राखले, त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आले तर ते येऊ द्यावे.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. धर्मराज कुत्र्याला टाकून स्वर्गाच्या रथात बसायला तयार झाला नाही, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. आता जवळचे उदाहरण घेऊ. साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज यांचा एक लाडका कुत्रा होता. त्याचे नाव खंड्या. शिकारीच्या वेळी त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, असे सांगतात. महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला. ग्रँट डफ यांनी १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात महाराजांच्या ह्या कुत्र्याविषयी लिहिले आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तेथे, त्याची समाधी दाखवतात. भोरकर मंडळी मांढरदेवीवरून वाईला उतरतात, तेथून सातारा दूर नाही. कोणी त्या बाजूला गेले तर जरूर पाहावी. (रायगडावरच्या वाघ्याची कथा सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्या खरेपणाबद्दल जाणत्या लोकांत वाद आहे, म्हणून ती येथे घेतली नाही.)

मोठी माणसे कसेबसे सावरतात. मुलांचे काय? पुष्कळ घरांत मुलांना खोटे सांगतात. वेल्ह्याकडच्या एका वाडीतली हकीगत आमच्या कानावर आली. कुत्र्याचे नाव मोत्या. तो रात्री मेला. बापाने पहाटेच त्याला पुरले आणि मुलाला सांगितले, "मोत्या मामाच्या गावाला गेला." मुलगा सात वर्षांचा. चार दिवस तो वाटेवर बसून राहिला. पाचव्या दिवशी भर पावसात तो एकटाच मामाच्या गावाची वाट धरून रानात शिरला. दिवस मावळताना गुराख्यांना सापडला. त्या रानात बिबट्याचा वावर! मग आजीने त्याला जवळ घेतले आणि म्हणाली, "बाळा, मोत्या मेला. आता तो यायचा नाही. चल, कुठं निजवलाय ते दाखवते." मुलगा फार रडला. पण त्या रात्री तो जेवला आणि आजीजवळ झोपला. आम्ही अनेक वर्षे शाळेत घालवली. आमचे मत आजीसारखेच आहे. मुलाला सरळ सांगावे. "झोपला आहे" असेही सांगू नये, नाहीतर मूल झोपायला भिते.

आता एक फार महत्त्वाची गोष्ट. ही नीट वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

कुत्रा आजारी पडला की माया असलेला माणूस त्याची सेवा करतो. मांडीवर डोके घेतो, तोंडात पाणी सोडतो, लाळ हाताने पुसतो. आजार साधा असला तर ठीक. पण कुत्रा पिसाळलेला असला तर हीच माया जिवावर बेतते. पिसाळलेला कुत्रा नेहमी अंगावर धावतोच असे नाही. कधी तो नुसता अंधारात पडून राहतो. त्याचा आवाज बदलतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, त्याला गिळता येत नाही. घरच्यांना वाटते, घशात हाड अडकले असेल. मग ते तोंडात हात घालून बघतात. असे कधीही करू नका. त्याच्या लाळेत रोगाचे विष असते. ते चावल्याने अंगात जाते. तसेच हातावरच्या जखमेतून, ओरखड्यातून, डोळ्यांतून, तोंडातूनही जाते.

अशा कुत्र्याला न शिवता कोंडून ठेवावे. मायेपोटी लपवू नये. गुरांच्या सरकारी दवाखान्यात लगेच कळवावे. तो बरा होत नाही. थोड्याच दिवसांत मरतो. ज्यांना तो चावला, ज्यांना त्याची नखे लागली किंवा ज्यांच्या जखमेला लाळ लागली, त्यांनी ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची, तेल काही लावू नये. मांत्रिकाकडे जाऊ नये. त्याच दिवशी माणसांच्या सरकारी दवाखान्यात जावे. तेथे लस मोफत मिळते. डॉक्टर सांगतील त्या तारखांना सर्व सुया पुऱ्या कराव्यात. "कुत्रा तर मेला, आता सुया कशाला?" असे काही जण म्हणतात. हे अगदी चूक. कुत्रा मेला म्हणूनच सुया जास्त जरुरीच्या. हा रोग माणसात कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उठतो, आणि एकदा उठला की जवळजवळ कोणीही वाचत नाही. आधी लस घेतली तर वाचतो. फ्रान्स देशात लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम टोचली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला ठिकठिकाणी चावले होते. तो मुलगा जगला, मोठा झाला.

मेलेल्या कुत्र्याला ओढ्यात किंवा धरणाच्या पाण्यात टाकू नये. खाली कोणीतरी तेच पाणी पिते. विहीर आणि झरा सोडून दूर, उंच जागी कमरेइतका खोल खड्डा घ्यावा. उघड्या हाताने न उचलता हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. माती लोटून वर मोठे दगड रचावेत, म्हणजे कोल्हे उकरीत नाहीत. मुलांना यायचे असेल तर येऊ द्यावे. एखादे फूल ठेवायचे असेल तर ठेवू द्यावे.

पुढे काही दिवस जड जातात. म्हाताऱ्या माणसाला, एकट्या माणसाला अधिक. लेक-सून पुण्याला कामाला, घरी म्हातारी आणि कुत्रा, असे आपल्याकडे घरोघर आहे. तिचा कुत्रा गेला तर शेजाऱ्यांनी संध्याकाळी तिच्या ओट्यावर जाऊन बसावे. तिला त्याच्या गोष्टी सांगू द्याव्यात.

दुसऱ्याच दिवशी कोणी पिल्लू आणून दारात सोडतात. घाई करू नये. पिल्लू कधी आणायचे ते घरच्यांना ठरवू द्यावे. आणले की त्याला जुन्याचे नाव द्यायचे की नवे, हे मुलांना विचारावे. आणि ते तीन महिन्यांचे झाले की गुरांच्या दवाखान्यात नेऊन पिसाळण्याविरुद्धची लस टोचून घ्यावी, पुढे दर वर्षी.