नोकरीवरून मन उडाले असता घर बांधावे काय?

परदेशात किंवा मुंबईत पंधरा-वीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाच्या आयुष्यात असा एक काळ येतो की, कामावरून त्याचे मन उडते. पगार वेळेवर येत असतो, हुद्दाही असतो. परंतु सकाळी कचेरीकडे पाऊल उचलत नाही. नेमक्या याच काळात गावाकडची रिकामी जागा त्याला आठवू लागते. कोकणातील मुस्लिम कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या वस्त्यांतून कुवेत, कतर, दुबई, सौदी अरेबिया येथे गेलेल्यांनी गावी चिऱ्याची दुमजली घरे उभारली. त्यांतील कितीतरी घरांना वर्षाचे अकरा महिने कुलूप असते. म्हणून ‘घर बांधू की नको’ असे कोणी विचारतो, तेव्हा उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी लागते. त्याच्या मनात खरोखर एकच प्रश्न आहे, की नोकरीचा प्रश्न घराच्या प्रश्नाआड लपला आहे?

घर बांधणे ही मुळात निंद्य गोष्ट नाही. सूरह नहलच्या ८० व्या आयतीत अल्लाहने आपल्या देणग्या मोजताना घराचा उल्लेख विसाव्याचे ठिकाण म्हणून केला आहे आणि त्याच आयतीत प्रवासात हलके वाटणाऱ्या चामड्याच्या तंबूंचाही उल्लेख आहे. म्हणजे पक्के घर असो वा राहुटी, माणसाला तेथे शांती मिळावी, हा घराचा हेतू आहे. प्रशस्त घर हे माणसाच्या सौख्याचे एक अंग आहे, या आशयाची हदीस ह. सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्याकडून आली आहे.

याच्या जोडीला दुसरी एक हदीस ठेवावी लागते. ह. खब्बाब (रजि.) हे मक्केत लोहारकाम करणारे आणि इस्लामसाठी अतोनात छळ सोसलेले सहाबी. आयुष्याच्या उत्तरार्धात आजाराने त्यांच्या पोटावर सात डाग द्यावे लागले होते. सहीह बुखारीत असे आले आहे की, भेटीस आलेल्या लोकांना ते एक भिंत बांधताना दिसले. तेव्हा ते म्हणाले की, मुसलमान जो काही खर्च करतो त्याचे पुण्य त्याला मिळते, फक्त या मातीत घातलेल्या खर्चाचे मिळत नाही. हदीसचे भाष्यकार इब्ने हजर (रह.) यांनी याचा अर्थ गरजेपलीकडच्या बांधकामापुरता घेतला आहे, आणि तोच योग्य वाटतो, कारण सांगणाऱ्याच्या स्वतःच्या हाताखाली त्या वेळी भिंत होती. तेव्हा घराचे मोजमाप गरजेवरून ठरते. शेजाऱ्याच्या गच्चीवरून ते ठरवू नये. आद लोकांना प्रेषित हूद (अलै.) यांनी बजावले ते सूरह शुअराच्या १२८ व १२९ व्या आयतींत आहे. उंच जागी निव्वळ मिरवण्यासाठी स्मारके उभारणे आणि जणू येथेच कायमचे राहायचे आहे अशा थाटात वाडे बांधणे, यावर तो आक्षेप होता.

आता नोकरीकडे वळू. मन उडण्याची कारणे सारखी नसतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. कमाईतच हराम मिसळलेले असेल, उदाहरणार्थ व्याजाचे दस्तऐवज तयार करणे किंवा ग्राहकाला फसवून माल विकणे हेच काम असेल, तर ती अस्वस्थता श्रद्धेचे लक्षण समजावी. अशा वेळी दुसरी उपजीविका शोधणे हे पहिले कर्तव्य, घर नंतर. वरिष्ठांचा अन्याय हे कारण असेल, तर जागा बदलून भागते, व्यवसाय बदलावा लागत नाही. केवळ थकवा असेल, तर दोन महिन्यांची रजाही पुरते. चौथा प्रकार अधिक अवघड आहे. काम हलाल आहे, वागणूक बरी आहे, तरी ‘यातून माझ्या हातून काय घडले?’ हा प्रश्न सोडत नाही. चाळिशीच्या आसपास तो बहुतेकांना गाठतो. याला विटा-सिमेंटचे उत्तर देण्याचा मोह होतो, कारण घर डोळ्यांना दिसते, हाताला लागते, गावात त्याची चर्चा होते. मात्र असे घर पूर्ण झाल्यावर तोच प्रश्न नव्या खोलीत येऊन बसतो.

संतप्त अवस्थेत न्यायाधीशाने दोघांमध्ये निवाडा करू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. फकीहांनी हाच नियम तीव्र भूक, दुःख आणि मन व्यापून टाकणाऱ्या प्रत्येक अवस्थेला लावला. स्वतःच्या संसाराचा निवाडा करणाऱ्यालाही तो लागू पडावा. राजीनामा आणि पायाभरणी या दोन्ही गोष्टी एकाच उद्विग्न आठवड्यात ठरवू नयेत.

खरी कसोटी पैशाची आहे. स्वतःच्या बचतीतून बांधलेले लहान घर माणसाला मोकळे करते. भाडे वाचते, खर्च उतरतो आणि कमी पगाराचे पण मनाजोगे काम स्वीकारण्याची ताकद येते. कर्जाचे घर नेमके उलट करते. बँकेकडून ३० लाख रुपये ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे २७ हजारांचा हप्ता पडतो आणि एकूण फेड जवळपास ६५ लाखांवर जाते. घेतलेल्या रकमेहून अधिक रक्कम केवळ व्याजापोटी जाते. व्याजाविषयी सूरह बकरहच्या २७८ व २७९ व्या आयतींत जी ताकीद आहे, तिच्याइतकी कठोर भाषा फार थोड्या गुन्ह्यांसाठी वापरली गेली आहे. ती वाचल्यावर वेगळे बोलण्याची गरज उरत नाही. परंतु निव्वळ व्यवहाराच्या दृष्टीनेही पाहा : ज्या नोकरीला माणूस कंटाळला, तिलाच तो वीस वर्षांसाठी स्वतःला बांधून घेतो. आखाती देशांत तर राहण्याचा परवाना बहुधा नोकरीशी जोडलेला असतो. नोकरी गेली की मुक्काम संपतो आणि हप्ता मात्र चालूच राहतो.

प्रेषित (स.) नमाजमध्ये पाप आणि कर्ज यांपासून अल्लाहचा आश्रय मागत. कर्जाचा एवढा धसका का, असे विचारले गेले तेव्हा त्यांनी सांगितले की, कर्जदार बोलताना खोटे बोलू लागतो आणि दिलेला शब्द मोडू लागतो. ह. आयेशा (रजि.) यांनी हे कथन केले आहे. अर्धवट बांधकामाच्या मालकाला गवंडी, चिरेवाला आणि वाळूवाला यांना काय काय सांगावे लागते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या हदीसचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. भावाकडून वा मित्राकडून बिनव्याजी उसने घ्यावेच लागले, तर सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीनुसार मुदतीसह लिहून ठेवावे. ‘आपल्यातल्या आपल्यात कागद कशाला?’ हे बोलणे गोड असले तरी कुरआनच्या आदेशाविरुद्ध आहे.

व्यवसाय बदलण्यात कमीपणा नाही. ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मक्केतील सर्व काही मागे टाकून मदीनेत आले, तेव्हा त्यांच्या अन्सारी बंधूने अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी ती नम्रपणे नाकारली आणि बाजाराचा रस्ता विचारला. पनीर-लोणी विकून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. नोकरी सोडू पाहणाऱ्याने म्हणूनच आधी ‘बाजाराचा रस्ता’ शोधावा : आपल्याला दुसरे काय येते, गावात त्याला मागणी आहे काय, पहिले वर्षभर चूल कशावर पेटेल? संयुक्त अरब अमिरातीत काम करणाऱ्याला सेवासमाप्तीवेळी पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि पुढील वर्षांसाठी ३० दिवसांचा मूळ पगार मिळतो. ही रक्कम चौथऱ्यात घालावी की या पहिल्या वर्षासाठी राखावी? आमच्या मते राखावी. साठवलेल्या पैशाची जकातही विसरू नये. रक्कम घरासाठी बाजूला ठेवली म्हणून सूट मिळत नाही. निसाबच्या वर असून तिच्यावर एक चांद्रवर्ष उलटले, तर अडीच टक्के द्यावेच लागतात.

इस्तिखाऱ्याविषयी समज पुष्कळदा चुकीची असते. ह. जाबिर (रजि.) सांगतात की, प्रेषित (स.) कुरआनची सूरह शिकवावी तितक्या आस्थेने सर्व बाबतींत इस्तिखारा शिकवीत. त्यात दोन रकात नफील नमाज आणि दुआ आहे. स्वप्नात हिरवा किंवा पांढरा रंग दिसण्याची अट त्यात कोठेही नाही. इस्तिखाऱ्याबरोबर सल्लामसलतही हवी आणि ती घरापासून सुरू व्हावी. हुदैबियाच्या पेचप्रसंगी प्रेषित (स.) यांनी ह. उम्मे सलमा (रजि.) यांचा सल्ला मानला आणि पेच सुटला. आमच्याकडे मात्र घराचा नकाशा भावजी काढतात, रंग चुलते ठरवतात आणि ज्या स्त्रीला त्या स्वयंपाकघरात आयुष्य काढायचे, तिला वास्तव्याच्या दिवशीच ते दिसते. मुलांच्या शाळेचे काय, सासूबाईंच्या औषधपाण्याला दवाखाना किती लांब, पाऊस संपल्यावर विहिरीला पाणी किती राहते, हे तिला विचारावे.

शेवटी जागेचा प्रश्न, आणि हाच सर्वांत कमी विचारला जातो. गावची जागा बहुधा वाडवडिलांची असते आणि सातबाऱ्यावर आजोबांचे नावही अजून असते. त्या जागेत बहिणींचा हिस्सा आहे, तो सूरह निसाच्या ११ व्या आयतीने ठरवून दिला आहे, आणि ‘त्यांनी कधी मागितला नाही’ याने तो रद्द होत नाही. संकोचाने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. एक वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचा भार पडेल, असा इशारा ह. सईद बिन जैद (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे, आपण तर तेथे पाच खोल्या बांधायला निघालो आहोत. पायाची कुदळ मारण्यापूर्वी तलाठ्याकडे वारस नोंद करून घ्यावी, वाटप लिहून काढावे आणि बहिणीला तिच्या वाट्याची जमीन किंवा आजच्या दराने तिची किंमत द्यावी. आपल्या वाट्याला दोनच गुंठे आले, तर घर दोन गुंठ्यांत बसेल असे बांधावे.