मासा हक्कात, ससा गुन्ह्यात

कन्नड तालुक्यातील एका भिल्ल वस्तीत मी वनहक्काचा अभ्यासवर्ग घेत होतो. एका आजीने मध्येच विचारले, “दादा, नदीतला मासा चालतो, मग रानातला ससा का नाही?” शेजारी बसलेल्या सुनेने मान खाली घातली. तिचा नवरा घोरपडीच्या प्रकरणात कोर्टाच्या तारखांना फिरत होता.

प्रश्न रास्त होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील कलम 9 शिकारीला बंदी करते. पोटासाठी की हौसेसाठी, हा भेद त्यात नाही. घोरपड अनुसूची 1 मध्ये आहे, म्हणजे शिक्षा किमान 3 वर्षे कैद. पूर्वी परवाना घेऊन काही शिकार करता येई, ती सोय 1991 च्या दुरुस्तीने गेली. (तो परवाना तरी भिल्लाच्या हाती कितीसा पडला असेल!) निकोबारच्या आदिवासींचा शिकारीचा हक्क मात्र कलम 65 ने राखला आहे. अमेरिकेतील अलास्कातही 1980 च्या कायद्याने केंद्र सरकारच्या जमिनींवर ग्रामीण रहिवाशांच्या पोटापुरत्या शिकारीला व मासेमारीला अग्रक्रम दिला. हंगाम आणि संख्या सरकार ठरवते. आपल्याकडे तसे नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने मासे व पाणवठ्यातील इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क मान्य केला. त्याच कलम 3 मध्ये शिकार आणि फासे लावणे स्पष्ट शब्दांत वगळले आहे. हा कायदा अभयारण्यालाही लागू आहे, म्हणून 1986 पासून अभयारण्य असलेल्या गौताळ्यातही मासेमारीचा दावा करता येतो.

इथे माझी चूक सांगतो. सुरुवातीची कित्येक वर्षे मी दाव्यांत फक्त कसलेली जमीन लिहिली. डोह लिहिलेच नाहीत, कुणी विचारलेही नाही. कार्यकर्त्यांनो, सामूहिक दाव्यात डोहाचे नाव, मासे धरण्याचे महिने आणि जाळे की गळ, हे सारे लिहा. कागद नसला तरी दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब पुरावा म्हणून चालतो. मग ग्रामसभेचा ठराव घ्या. हक्क मान्य होईपर्यंत अभयारण्याच्या हद्दीत जाळे टाकू नका. विष आणि सुरुंग तर 1897 च्या कायद्यापासून गुन्हाच आहेत.

सशाबद्दल आजीला मी “नाही” एवढेच सांगू शकलो. तिने थोडा वेळ काही म्हटले नाही. मग बोटांवर डोह मोजू लागली, आणि सुनेने वही उघडली.