चौकात लागलेली धडक

प्रश्न : वंशावरून भेदभाव करायला कायद्याने बंदी आहे, स्त्री म्हणून करायलाही आहे. मग अमेरिकी कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांच्या ‘इंटरसेक्शनॅलिटी’ची वेगळी गरज काय?

उत्तर : ती गरज एका खटल्यातून समोर आली. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्सवर दावा लावला. १९६४ पूर्वी कंपनीने त्यांच्यासारख्या बायकांना कामावर घेतलंच नव्हतं. पुढे घेतलं, पण मंदीत ज्येष्ठतेनुसार नोकरकपात झाली आणि १९७० नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रिया घरी बसल्या. उशिरा घेतलं कंपनीने, किंमत मोजली त्यांनी. १९७६च्या निकालात न्यायालय म्हणालं, कंपनीत स्त्रिया तर आधीपासून होत्या, म्हणजे लिंगभेद नाही. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या! वंशभेदाची तक्रार असेल तर ती आधीच चालू असलेल्या दुसऱ्या खटल्याला जोडा. दोन्ही मिळून एक तक्रार करायची मुभा मात्र मिळाली नाही.

क्रेनशॉ यांनी १९८९च्या लेखात या निकालाची चिरफाड केली. चौकात उभ्या माणसाला कुठल्याही रस्त्याने आलेली गाडी धडकू शकते, कधी सगळ्याच बाजूंनी. जखम कुठल्या गाडीची ते वेगळं काढून दाखव, तरच औषध देतो, असं कुणी म्हणेल का? न्यायालय नेमकं तेच म्हणत होतं. भेदभावाचे रस्ते एकमेकांना छेदतात तिथली ही एकत्रित इजा ओळखणं, हीच इंटरसेक्शनॅलिटी.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलं, त्यात उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल आहेत. ते हाल जातीचे की बाईपणाचे, सांगा पाहू.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२१ रोजी, पाटण जमाल वली खटल्यात, क्रेनशॉ यांच्या मांडणीचा आधार घेतला. पीडिता अंध, अनुसूचित जातीतली तरुणी. बलात्काराबद्दलची जन्मठेप कायम राहिली. ॲट्रॉसिटी कायद्याखालची शिक्षा मात्र रद्द झाली, कारण गुन्हा जातीमुळेच घडला याचा वेगळा पुरावा नव्हता. असा पुरावा देणं किती अवघड असतं, हे न्यायालयाने स्वतःच नोंदवलं. २०१६पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार पीडितेची जात आरोपीला ठाऊक असणं पुरेसं आहे. हा गुन्हा २०११चा होता. त्या मुलीला दुरुस्तीचा उपयोग झाला नाही.