पदवीच्या पोटात पदविका असते का?



वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने अभियांत्रिकीच्या परीक्षांवर लिहावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण त्याला तसेच कारण घडले. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ग्वाल्हेरला, थाटीपुरात राहणाऱ्या आत्याकडे गेलो होतो. शिंद्यांच्या काळापासून त्या शहरात मराठी घरे आहेत. आत्याचे सासर त्यांपैकीच एक. माझा आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, स्थापत्य शाखेचा बी. टेक. आहे. बांधकामाकडील उपयंत्रीपदासाठी त्याने लेखी परीक्षा दिली, यादीत नावही आले. पण कागदपत्रांच्या तपासणीत 'डिप्लोमा कुठे आहे?' असे विचारून त्याचे नाव वगळण्यात आले. बारावीनंतर तो थेट पदवीला गेलेला. डिप्लोमा येणार कोठून?

आत्या म्हणाली, "अरे, खिशात दहाची नोट असली म्हणजे पाच रुपये असतातच ना?" मला तिचे म्हणणे बिनतोड वाटले. तरीपण दादाबरोबर बसून नियम वाचले, तेव्हा या प्रश्नाला किती बाजू आहेत ते कळले.

पहिली शंका नावाची. बी. टेक. मधील 'टेक्नॉलॉजी' या शब्दाने पदवी कमी प्रतीची ठरते काय? आपल्या देशात तसे नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची बी. ई. व बी. टेक. या नोकरीच्या दृष्टीने एकाच तोलाच्या पदव्या आहेत. संघ लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेस दोन्ही चालतात. वय मात्र परीक्षेच्या वर्षी १ जानेवारीस २१ पूर्ण व ३० च्या आत हवे (राखीव वर्गांना सवलत आहे). अमेरिकेत गोष्ट निराळी आहे. तेथे 'इंजिनिअरिंग' आणि 'इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी' हे दोन वेगळे अभ्यासक्रम असून, व्यावसायिक अभियंत्याच्या परवाना परीक्षेस दुसऱ्या पदवीचा उमेदवार बसवावा की नाही, हे प्रत्येक राज्याचे मंडळ ठरवते. काही राज्ये अशा उमेदवाराकडून अनुभवाची जादा वर्षे मागतात. तिकडे जाऊ इच्छिणाऱ्यांनी हा भेद ध्यानात ठेवावा.

दुसरी शंका आत्याची: पदवीत पदविका आलीच की नाही? सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल येथे उपयोगी पडतात. दोन्ही वीज विभागातील पदांचे आहेत, पण तत्त्व बांधकामालाही लागू पडते. ५ डिसेंबर २०१८ रोजी जम्मू-काश्मीरमधील तंत्रज्ञपदाच्या प्रकरणात न्यायालय म्हणाले की, जाहिरातीत आय. टी. आय. मागितले असता केवळ पदविका वरची आहे म्हणून ती चालेल असे गृहीत धरता येणार नाही. समकक्षता ठरवणे हे नोकरी देणाऱ्याचे काम. उलट, ७ एप्रिल २०२१ रोजी हिमाचल प्रदेशच्या वीज मंडळाच्या प्रकरणात कनिष्ठ अभियंत्याच्या पदासाठी पदवीधरांना पात्र ठरवले. कारण तेथील नियमांतच पदवीधर कनिष्ठ अभियंत्यांना बढतीत वाटा ठेवला होता. पदवीधरास पहिल्या पायरीवरच मज्जाव असता, तर हा वाटा ठेवला कोणासाठी?

म्हणजे दहाची नोट दरवेळी चालेलच असे नाही. समोरच्याने काय मागितले आहे ते आधी पाहावे लागते. कर्मचारी निवड आयोगाच्या कनिष्ठ अभियंता परीक्षेत केंद्रीय लोकनिर्माण विभागासाठी स्थापत्याची पदवी किंवा पदविका चालते; सीमा सडक संघटनेसाठी पदवी, अथवा पदविका अधिक दोन वर्षांचा अनुभव लागतो. जेथे 'किंवा' आहे तेथे वाद नाही. जेथे नुसतेच 'पदविका' आहे तेथे सावध राहावे. पदविकाधारकांच्या हक्काच्या थोड्या जागा पदवीधरांनीच भरून जाऊ नयेत, असाही विचार त्यामागे असू शकतो. तो अगदीच अन्याय्य म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट मान्यतेची. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ए. एम. आय. ई. परीक्षा हा मोठा आधार होता. पण पदवीशी समकक्षतेचा जुना लाभ ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरता ठेवण्यात आला. तसेच ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालाने काही अभिमत विद्यापीठांच्या, पत्रद्वारा मिळवलेल्या अभियांत्रिकी पदव्या अडचणीत आल्या. प्रमाणपत्र हाती असूनही पात्रता नाही, अशी पाळी अनेकांवर आली.

आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात की व्हाउचर पाहिल्याशिवाय नोंद करू नये. तोच नियम येथे लावावा. अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी चार गोष्टी पडताळाव्यात: संस्था व अभ्यासक्रम मान्य आहे काय, जाहिरातीत शाखेचे नाव नेमके कोणते, पदवी मागितली आहे की पदविका, की दोहोंपैकी एक, आणि कोणत्या तारखेस पात्रता व वय पूर्ण हवे. जाहिरात संदिग्ध वाटल्यास मूळ सेवाभरती नियम काढून वाचावेत व लेखी खुलासा मागावा. तोंडी उत्तरावर विसंबू नये. पदाला मध्य प्रदेशात उपयंत्री म्हणोत, आपल्याकडे कनिष्ठ अभियंता म्हणोत की कानडीत किरिय अभियंतर; नाव बदलले तरी वाचण्याची पद्धत एकच.

मी निघालो त्या दिवशी दादा नवी जाहिरात पुढे घेऊन बसला होता. पूर्वी तो प्रथम पदांची संख्या पाही. आता तांबड्या पेन्सिलीने त्याने एकाच शब्दाखाली रेघ ओढली होती. तो शब्द होता 'अथवा'. आत्याने चहा पुढे ठेवत विचारले, "या वेळी चालेल ना रे?" दादा म्हणाला, "आई, या वेळी आधी वाचलंय."