शितावरून भाताची परीक्षा – पण कोणत्या शितावरून?

नवी मुंबईत वाशीला धान्याचा मोठा घाऊक बाजार आहे. तेथे पोते रिकामे न करताच माल पाहतात. पन्हळीसारखी टोकदार लोखंडी सळई पोत्यात खुपसायची, हातावर आलेले मूठभर दाणे निरखायचे आणि भाव ठरवायचा. आई भाताचे एक शीत चेपून पाहते, तेही असेच. यालाच नमुना काढणे म्हणतात. मुठीवरून ढिगाविषयी बोलताना चूक किती होईल, हे सांख्यिकीशास्त्र सांगते. हेच शास्त्र माणसे, जनावरे व पिके यांना लावले की ती जीवसांख्यिकी होते.

या तिन्हींचा हिशेब मांडणारे एक मराठी शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. त्यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनला गेले व १९३६ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. परतल्यावर कलकत्त्याच्या आरोग्यविषयक संस्थेत त्यांनी सांख्यिकी शिकवली. १९४० पासून ते शेती व पशुसंवर्धन ही दोन्ही क्षेत्रे पाहणाऱ्या कृषी संशोधन परिषदेत होते.

देशात धान्य किती पिकले, हा तेव्हा जीवनमरणाचा प्रश्न होता. १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. अंदाज फुगला, तर धान्य वेळेवर मागवले जाणार नाही. अंदाजासाठी शेतातील लहान तुकडे कापून पीक तोलत. सुखात्मे यांनी दाखवले, की तुकडा फार लहान असला तर उत्पन्न जास्त भरते. असे का? दोरीवर आलेली रोपे कापणारा बहुधा आतच धरतो! आता गणित करा. २ फूट त्रिज्येच्या वर्तुळात दर चौरस फुटामागे १ फूट कड येते. ३३ फूट लांब व १६.५ फूट रुंद तुकड्यात ती फक्त ०.१८ फूट येते. कड कमी, म्हणून चूकही कमी. लहान तुकडे वापरणारे प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी या प्रश्नावर त्यांचा वाद झाला. पण दोघांनाही देशाचे धान्य अचूक मोजायचे होते.

जनावरांचा हिशेब याहून अवघड. नुकतीच व्यालेली गाय भरपूर दूध देते. काही महिन्यांनी तीच गाय आटते. म्हणून आधी गावे, मग घरे, मग जनावरे चिठ्ठ्या टाकून निवडावी लागतात आणि निरनिराळ्या ऋतूंत दूध मोजावे लागते. विनायक गोविंद पानसे यांच्यासह सुखात्मे यांनी लिहिलेला सांख्यिकीचा ग्रंथ १९५४ मध्ये निघाला. शेतीच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या तो वाचून तयार झाल्या.

पुढे रोमला अन्न व कृषी संघटनेत ते १९७१ पर्यंत सांख्यिकी विभागाचे संचालक होते. जगातील दोनतृतीयांश लोक उपाशी आहेत, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. सुखात्मे यांनी १९६१ मध्ये हिशेब मांडला, की पोटभर अन्न न मिळणारे लोक शेकडा १० ते १५ असावेत. मात्र सकस अन्नाची उणीव धरली, तर आकडा निम्म्या जगापर्यंत जातो. पुण्याला परतल्यावर त्यांनी आणखी एक मुद्दा लावून धरला. एकाच निरोगी माणसाची अन्नाची गरजही रोज सारखी नसते. म्हणून सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी ठरत नाही. वर्गातील साधारण निम्मी मुले सरासरी उंचीहून कमी भरतात. ती सारी खुजी असतात काय? मात्र अशाने खरे उपाशीही हिशेबातून सुटतील, असा आक्षेप काही तज्ज्ञांनी घेतला. रेषा कोठे आखावी, हा वाद त्यामुळेच महत्त्वाचा. १९९७ मध्ये पुण्यात सुखात्मे यांचे निधन झाले.

आता एक प्रयोग करा. पहिल्या बाकांवरील पाच मुलांच्या उंचीची सरासरी काढा. मग हजेरीक्रमांकांच्या चिठ्ठ्या टाकून कोणतीही पाच मुले निवडा व पुन्हा सरासरी काढा. शेवटी साऱ्या वर्गाची काढा. बुटकी मुले पुढे बसवलेली असतील, तर पहिली सरासरी तुम्हांला फसवील. दुसरीही तंतोतंत जुळेलच असे नाही; पण चिठ्ठ्या पुन:पुन्हा टाकून पाहा. ती कधी थोडी वर, कधी थोडी खाली जाईल. नेहमी एकाच बाजूला झुकणार नाही. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत निवडताना आपली सोय पाहून चालत नाही.