न मागता आलेले जार

आमच्या जावा प्रकल्पात एका रिलीजनंतर सर्व्हरवरची लॉग फाइल रिकामीच राहू लागली. लॉगिंगच्या कोडला कुणी हात लावला नव्हता. बदलली होती ती रिपोर्ट बनवणाऱ्या लायब्ररीची आवृत्ती, आणि तिच्या पाठोपाठ लॉगफोरजेचं एक जुनं बाइंडिंग आत शिरलं होतं. क्लासपाथवर दोन बाइंडिंग असल्याचा एसएलएफफोरजेचा इशारा कन्सोलवर येत होता. अशा वेळी त्यांतलं कोणतं उचललं जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे आमच्या मशीनवर सगळं सुरळीत आणि सर्व्हरवर शुकशुकाट!

असा जार पॉम फाइलमध्ये शोधून मिळत नाही. मेव्हनची 'डिपेन्डन्सी:ट्री' ही कमांड चालवा. कोण कुणाचा हात धरून आलंय ते तिथे दिसतं. आमच्याकडे तोच जार तीन वाटांनी येत होता. एक्सक्लुजन ज्या डिपेन्डन्सीखाली लिहाल तेवढ्यापुरतंच चालतं, म्हणून तिन्ही ठिकाणी लिहावं लागलं. पण चौथी वाट उद्या उघडणारच. म्हणून माझा आग्रह आहे की एन्फोर्सर प्लगइनच्या 'बॅन्डडिपेन्डन्सीज' नियमात त्या जारचं नाव घालाच. मग तो कुठूनही आला तरी बिल्डच फुटतं आणि गोष्ट सर्व्हरपर्यंत जात नाही.

काढण्याआधी तो कुणाला लागतो का, हेही बघा. स्प्रिंग ४ च्या काळात कॉमन्स-लॉगिंग नुसतं काढलं की अ‍ॅप्लिकेशन 'नोक्लासडेफफाउंडएरर' देऊन पडायचं. त्या जागी जेसीएल-ओव्हर-एसएलएफफोरजे ठेवावं लागे.

आवृत्त्यांचं दुखणं वेगळं. ग्रेडल सहसा सर्वांत नवी आवृत्ती घेतं, मेव्हन मात्र झाडात मुळाजवळची. मग ती जुनी का असेना. त्यातूनच 'नोसचमेथडएरर' उद्भवतो. महत्त्वाच्या लायब्ररींची आवृत्ती डिपेन्डन्सी मॅनेजमेंटमध्ये एकाच जागी लिहा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेलची भेग उघडी पडली, तेव्हा २.१५.० पुरेना आणि महिनाअखेरीस २.१७.१ पर्यंत जावं लागलं. ज्यांनी आवृत्ती अशी एका जागी बांधली होती, त्यांना दर वेळी एकच आकडा बदलायचा होता.

लायब्ररी अपग्रेड करताना आधीचं आणि नंतरचं झाड फाइलमध्ये साठवा आणि दोन्हींतला फरक कोड रिव्ह्यूला जोडा. नवा जार दिसला तर तो का आला, हे मर्ज करण्यापूर्वीच विचारा.