डफ, खंजिरी आणि रॅप

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत मराठीचा तास चालूं असतां मागच्या बांकावरून बोटांनीं ठेका धरल्याचा आवाज येऊं लागला. मीं त्या विद्यार्थ्यास उभें केलें. त्याच्या वहींत आठ ओळी होत्या. विषय होता आपल्या शहराची नाग नदी. एका ओळींत "पाणी काळं होऊन राहिलं" असे शब्द होते. मीं संवयीनें तांबडी लेखणी काढली, "होऊन राहिलं" खोडलें व वर "होत आहे" असें लिहिलें. मुलगा हळूच म्हणाला, "सर, आतां ठेका तुटला."

मीं ती ओळ मनाशीं म्हणून पाहिली. ठेका खरोखरीच तुटला होता. सहा अक्षरांच्या जागीं मीं चार बसविलीं होतीं.

तो जें रचीत होता त्यास रॅप म्हणतात. पालकांपैकीं पुष्कळांस हा निव्वळ गोंगाट वाटतो. मलाही तसेंच वाटत असे. म्हणून या काव्याची कुळकथा येथें थोडक्यांत सांगतों.

ता. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांत सिंडी कॅम्पबेल नांवाच्या मुलीनें आपल्या इमारतींत एक मेळावा भरविला. शाळा सुरू व्हावयाची होती आणि तिला नव्या कपड्यांकरितां पैसे हवे होते. मुलींना तिकीट २५ सेंट, मुलांना ५०. तबकड्या वाजविण्याचें काम तिचा भाऊ क्लाइव्ह याजकडे होतें. लोक त्यास 'कूल हर्क' म्हणत. हें कुटुंब जमेका बेटांतून आलेलें. गाणारा थांबून नुसता ताल उरतो, नेमक्या त्याच जागेला लोक नाचूं लागतात, हें या तरुणानें हेरलें होतें. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो क्षणभराचा ताल हवा तितका लांबविण्याची युक्ति त्यानें रूढ केली. त्या तालावर बोलणारे आले. आधीं हांका व आरोळ्या, मग यमकें, मग गोष्टी. भोंवतालीं जळकीं घरें आणि बेकारी होती. १९८२ सालच्या 'द मेसेज' या गीतांत तीच वस्ती सगळ्या जगास ऐकूं आली. रॅप हें गाणें नव्हे. तें तालांत बांधलेलें बोलणें होय.

आतां आपल्याकडे पाहूं. शाहीर डफावर थाप मारतो, तुणतुणें वाजूं लागतें, झीलकरी मागून "जी जी" ची साथ देतात. पोवाडा रंगांत आला कीं शाहीर मध्येंच चाल सोडून गद्यांत बोलतो, श्रोत्यांस प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट न पाहतां पुन्हां चालीवर येतो. अफझलखानाचा वध १६५९ सालचा. त्यावरील अज्ञानदासाचा पोवाडा अशाच भर सभेंत म्हणण्यासाठीं रचलेला. आपण मात्र पोवाडा पुस्तकांतून मुकाट्यानें वाचतों आणि शब्दार्थ पाठ करतों. पंगतींत न बसतां पदार्थांची यादी वाचून ढेकर देण्याचाच हा प्रकार!

आपल्या विदर्भांत तर याहून जवळचें उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यांतील यावली गांवीं १९०९ सालीं जन्मलेला माणिक नांवाचा मुलगा पुढें तुकडोजी महाराज म्हणून प्रसिद्धीस आला. त्यांच्या हातीं खंजिरी असे. लांकडी कडें, एका बाजूस चामडें, कडेला झांजेच्या चकत्या. एवढेंसें वाद्य, पण तें घेऊन एकटा माणूस संबंध फडाचें काम करूं शकतो. खेड्यांतील निरक्षर श्रोत्यास समजेल अशा बोलांत ते भजन म्हणत. त्या भजनांनीं चिमूर व आष्टीकडील लोकांत केवढी जागृति केली, तें सरकारलाही कळून चुकलें होतें. ऑगस्ट १९४२ मध्यें तेथें उठाव झाल्यावर महाराजांना अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यांत आलें. खंजिरीवर बोललेल्या शब्दाचें सरकारनें केलेलें हें मोजमाप! त्यांची ४१ अध्यायांची 'ग्रामगीता' तुम्ही चाळली असेल. आपल्या विद्यापीठास आज त्यांचेंच नांव आहे.

त्याच अमरावतीचा सौरभ अभ्यंकर हा आजचा रॅप-कवि. त्याचें रंगमंचावरचें नांव मोठें गमतीचें आहे : शंभराचा आंकडा आणि त्यापुढें आर, बी, एच हीं इंग्रजी अक्षरें. शंभर म्हणजे सौ. पुढें 'रभ' जोडा! मुंबईच्या 'स्वदेशी' या मंडळींत तो सामील झाला, आणि वऱ्हाडी बोलीची लकब त्याच्या हिंदी-मराठींत लपत नाहीं. याच मंडळींतील एम. सी. मवाली हा मराठींत रॅप म्हणतो. २०१९ सालीं त्यांनीं 'द वारली रिव्होल्ट' हें गीत काढलें. त्यांत मुंबईच्या आरे जंगलांतील रहिवासी प्रकाश भोईर यांचा सहभाग आहे. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत मेट्रोच्या कामासाठीं आरेमधील दोन हजारांहून अधिक झाडें तोडलीं गेलीं. गीतानें झाडें वांचलीं नाहींत. परंतु ज्यांचें घर तें जंगल, त्यांचें म्हणणें त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित होऊन राहिलें.

सगळेंच रॅप असें असतें असें मी म्हणत नाहीं. पुष्कळशा गीतांत शिव्या आणि स्वतःची बढाई यांखेरीज कांहीं नसतें, आणि तीं मी वर्गांत येऊं देणार नाहीं. अर्थात् आश्रयदात्याची स्तुति करून बिदागी घेणारे शाहीरही होतेच.

आतां त्या खोडलेल्या शब्दांविषयीं. "होत आहे" ही नुसती बातमी झाली. "होऊन राहिलं" म्हटलें कीं तें आपल्या डोळ्यांदेखत चाललें आहे आणि कोणी थांबवीत नाहीं, हेंही त्यांत येतें. वीस वर्षें मीं मुलांचे असे घरचे शब्द तांबड्या शाईनें काढीत आलों. निबंधांत मी अजूनही "होत आहे" हेंच मागतों. परीक्षकास नागपुरी ठेका ऐकूं येत नाहीं. परंतु कवितेच्या वहींतील माझी दुरुस्ती मीं स्वतःच खोडली आणि मुलास ओळी मोठ्यानें म्हणावयास सांगितल्या. पांचव्या ओळींत त्याचा श्वास पुरेना. तेथें "अतिशय" हा शब्द होता. त्यानें तो माझ्या सांगण्याशिवायच काढून टाकला आणि ओळ नीट म्हटली.

सातवी ओळ अद्याप जमलेली नाहीं. मधल्या सुट्टींत बांक वाजत असतो.